उलटी बाजू नसलेलं कापड

कापड फाटल्याचा आवाज आला आणि हर्षाचा हात भाताच्या पातेल्यातच थबकला. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एकीकडे भोंग्यावर वंदना चालू होती, दुसरीकडे पुस्तकांच्या दुकानांतून भीमगीतं, मधूनच हरवलेल्या पोरांची नावं पुकारणं. आणि एवढ्या गलक्यातूनही तो बारीक, कोरडा, लांबत गेलेला आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. आयटीआयमध्ये मुलींना शिवणकाम शिकवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ट्रकवाल्याला इंजिनातला बारीकसा फरक डुलकीतही कळतो तसं तिला कापडाचं कळायचं. पॉलिस्टर फाटताना किंचाळतं, मांजरपाट फाटताना खोकतो. हा आवाज दोन्हींतला नव्हता. फार जुनं, फार वेळा धुतलेलं सुती कापड होतं ते, आणि उसासा टाकावा तसं फाटलं होतं. तिनं डाव शेजारणीच्या हातात दिला आणि भोजनदानाच्या टेबलाखालून वाकून ती पलीकडे गेली. रांगेला लावलेल्या टिनाच्या कठड्यापाशी एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई गुडघे टेकून बसली होती. अंगात पांढरं पोलकं, कमरेला गुंडाळलेलं तपकिरी कापड. कापडाचं टोक टिनाच्या कोपऱ्यात अडकून वीतभर फाटलं होतं, आणि त्या फाटलेल्या जागेवर तिनं दोन्ही तळवे दाबून धरले होते, जखमेवर धरावेत तसे. रडत नव्हती. नुसती बसली होती. हर्षा तिच्यापुढे उकिडवी बसली आणि काही बोलायच्या आधीच तिचा हात आपल्या सवयीनं चालला: तिनं कापडाचं टोक उचललं आणि उलटून पाहिलं. कुठलंही कापड हाती आलं की ती आधी उलटून बघायची, कारण खरं काय ते पाठीमागे असतं. गाठी, सुटलेले धागे, फिका पडलेला छाप, शिवणाऱ्याचा आळस. तिनं उलटून पाहिलं आणि पुन्हा सुलटं केलं, पुन्हा उलटलं. तिरप्या ओळींनी एकामागून एक उसळत गेलेल्या पांढऱ्या लाटा, तपकिरी जमिनीवर. या बाजूला. आणि त्या बाजूलाही, तशाच, रेघेवर रेघ, जराही फिक्या नाहीत. या कापडाला उलटी बाजूच नव्हती.

"हे कसं काय?" ती स्वतःशीच म्हणाली. ती बाई तिच्याकडे बघून हिंदीत म्हणाली, "दोनों सीधा है. हाथ का है ना. मेरी नानी का हाथ." नागपूरला पाली शिकायला म्हणून ती जावाहून आली होती, सुमियाती नाव, तिथल्या एका बौद्ध खेड्यातली, दोन वर्षांत हिंदीच काय, 'मेरे को' म्हणायलासुद्धा शिकली होती. भिक्खूंच्या जथ्याबरोबर आज चंद्रपूरला आली होती, आणि महिनाअखेरीला घरी परत जाणार होती, कारण आई अंथरुणाला खिळली होती. हे कापड आईचंच. याच कापडात गुंडाळून सुमियातीला तिच्या आईनं पाठीशी बांधून वाढवलं होतं. आणि आईनं सांगून ठेवलं होतं की मी गेले की माझ्या अंगावर दुसरं काही घालू नका. "फटा हुआ कैसे डालेगा?" सुमियाती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिचे डोळे भरले. हर्षानं इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही. "मी रफू करून देतो," ती म्हणाली. तिच्या तोंडून ते निघून गेलं, आणि निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की रफू करणारा माणूस गाठी पाठीमागे लपवतो. आणि इथे तर पाठीमागची बाजूच नाही.

बाबूपेठच्या आपल्या दोन खोल्यांत सुमियातीला पुढच्या खोलीत अंथरूण घालून दिलं आणि कापड टेबलावर पसरलं तेव्हापासून हर्षाच्या अंगात जे भरलं ते उतरायलाच तयार नव्हतं. तिला भूक लागत नव्हती. भाजीत मीठ दोनदा पडत होतं. दिवाळीच्या सुट्ट्या लागलेल्या, आयटीआय बंद, आणि खिडकीबाहेर नेहमीसारखी घुग्घुसच्या रस्त्याकडून येणारी कोळशाची काळी भुकटी तुळशीच्या पानांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, सगळ्यावर बसत होती. तिनं खिडक्या लावून घेतल्या, जुनी पांढरी साडी ओली करून दारावर टांगली आणि भिंग लावून बसली. धागा बाहेरचा चालणार नव्हता. कापडाच्या काठाला नक्षी नसलेली कोरी पट्टी होती, तिथूनच तिनं सुईच्या टोकानं एकेक धागा ओढून काढला. तो धागा बोटांत धरला की जाणवायचाही नाही. अशा धाग्यानं ती उभे ताणे भरत गेली, मग आडवे. वर एक, खाली एक. आणि टोक आलं की गाठ न मारता ते जुन्या विणीत उलटं फिरवून आत निजवायचं, इतकं आत की दोन्हीकडून बोट फिरवलं तरी लागू नये. असं तिनं कधी केलं नव्हतं. असं करायची कधी वेळच आली नव्हती. ब्लाउजच्या आत, पडद्याच्या मागे, गणवेशाच्या अस्तराखाली ती आयुष्यभर लपवतच आली होती आणि मुलींनाही तेच शिकवत आली होती, 'मागून कोन पायते?' आणि आता सुई एका बाजूनं आत गेली की दुसऱ्या बाजूनंही कोणीतरी बघतंय असं तिला वाटत होतं. भीती वाटत होती, पण ती भीती परीक्षेच्या आधीची नव्हती, जत्रेतल्या पाळण्यात वर जाताना वाटते ना, तसली होती.

सुमियाती शेजारी मांडी घालून बसायची आणि बोलायची. तिचं हिंदी अडखळत जायचं, पण गोष्ट अडखळायची नाही. ही नक्षी परांग, ती म्हणाली. कोणी म्हणतं कड्यावर आपटणाऱ्या समुद्राच्या लाटा, कोणी म्हणतं तलवारीची पाती. ओळ तिरपी उतरते आणि कुठेच तुटत नाही. तुटू द्यायची नसते, शिवणारेसुद्धा परांगला मधे कात्री लावायला कचरतात. आणि एक काळ असा होता, ती म्हणाली, जेव्हा योग्याकर्ताच्या राजवाड्यात ही नक्षी फक्त राजाच्या घरच्यांनी नेसायची. बाकीच्यांना मनाई. "और बनाता कौन था?" हर्षानं सुई न थांबवता विचारलं. सुमियाती हसली. बनवणाऱ्या बाया. तिच्या आजीची आजी वाड्याला कापड करून द्यायची. बांबूच्या आडव्या दांडीवर कोरं कापड टाकायचं, शेजारी मेणाची कढई, आणि महिनोन् महिने एकेक लाट मेणानं काढायची. मेण जिथे बसलं तिथे रंग चढत नाही, मग रंगात बुडवायचं, मग उकळत्या पाण्यात मेण सोडवायचं. मेण एका बाजूनं लावून भागत नाही, कापड उलटून तीच रेघ पाठीमागून पुन्हा काढायची, म्हणून दोन्ही बाजू सुलट्या. काही बाया परांगला हात घालण्याआधी उपास करायच्या. आणि झालं की धुऊन, घडी करून वाड्यावर पाठवायचं. स्वतः नेसायचं नाही. पुढे काळ बदलला, बंदी बाजारात टिकली नाही, आजीनं हे एक स्वतःसाठी केलं, स्वतः नेसली, आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली तरी नेसत राहिली.

हर्षाची सुई तिथे थांबली. तिला एकदम आपल्या आजीचा, बायनाबाईचा घोगरा आवाज ऐकू आला. मूल गावाजवळच्या खेड्यात, उन्हात बसून तंबाखू मळत बोलणारी आजी. तिच्या सासरच्या घरात माग होता. त्यांच्या लोकांनी विणलेलं जाडंभरडं कापड गावभर चालायचं, त्याची पासोडी पांघरून पाटील झोपायचा, पण बाजारात ते विकत घेताना गिऱ्हाईक आधी त्यावर पाणी शिंपडायचं. "हात आमचा बाटगा, अन् कापड पान्यानं चोखं," आजी म्हणायची आणि थुंकायची. त्या गोष्टीला हर्षा लहानपणी हसली होती, कारण तिला पाणी शिंपडणं म्हणजे इस्त्री करणं वाटलं होतं. मग छप्पन साल आलं, आणि आजोबा याच चंद्रपूरच्या मैदानातून परत आले ते पांढरे कपडे घालून, आणि आजीनं मागावरचं अर्धं कापड तसंच कापून उतरवलं. पुढे माग गेला, धागा गेला, घरातलं कोणी विणणारं राहिलं नाही. शिक्षण आलं, नोकऱ्या आल्या. हर्षा शिवायला शिकली तेव्हा वडील म्हणाले होते, पुन्हा कापडच का? त्या वेळी तिला उत्तर देता आलं नव्हतं. आता तिनं टेबलावरच्या लाटांवर बोट ठेवलं. समुद्रापलीकडे, नाव न ऐकलेल्या गावात, एक बाई आपल्या हातानं केलेलं नेसू शकत नव्हती. आणि इथे एका बाईनं केलेलं पाणी शिंपडून घेतलं जात होतं. ती सुमियातीला हे सांगायला लागली, सांगताना हिंदी विसरली, मराठीत गेली, झाडीबोलीत गेली, आणि तरी सुमियाती मान डोलवत राहिली. मग सुमियातीनं आणखी एक सांगितलं, ज्यानं हर्षाला जागेवर बसवेना. पूर्वी जावात इतकं तलम सूत मिळायचं नाही. चांगलं बारीक कापड हिंदुस्थानातून जहाजांनी यायचं, आंध्राच्या किनाऱ्यावरून, आणि त्यावर तिथल्या बाया मेण धरायच्या. "गोदावरी जहाँ समुद्र में जाता है, उधर से," सुमियाती म्हणाली. हर्षा उभीच राहिली. गोदावरी! भामरागडपाशी वाहणारी इंद्रावती पुढे सिरोंच्याकडे गोदावरीला मिळते हे तिला चौथीच्या भूगोलापासून माहीत होतं. तीच गोदावरी. म्हणजे हे पाणी त्या कापडाच्या वाटेनं जात होतं आणि तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

प्रफुल्ल, तिचा नवरा, बल्लारपूरच्या पेपर मिलमधून ड्यूटी करून आला तेव्हा ती त्याला दारातच हे सगळं सांगायला लागली. तो बूट काढत ऐकत होता. दीक्षाभूमीच्या समितीचा माणूस, वाचणारा, सभेत बोलणारा. शब्दाशब्दांत वाकडं शोधायची त्याला सवय. "म्हणजे राजवाड्याचं कापड हाय ते," तो म्हणाला. "राजाले नेसाची परवानगी अन् रयतेले मनाई. अशाच गोष्टी जाळा म्हनून आपन ओरडून राह्यलो, अन् तू रफू करून राह्यली?" सुमियाती आत होती, तिला मराठी येत नव्हती, तरी हर्षानं आवाज खाली आणला. "ते राजाचं नाई. ज्या बाईनं केलं तिच्या पोरीचं हाय." "नक्षी तर राजाचीच ना?" "नक्षी हाताची असते जी. राजानं कधी मेन धरलं का?" प्रफुल्लनं बूट कोपऱ्यात सारले. चहा घेऊन बाहेर गेला. त्यांच्यात असं बरीच वर्षं चाललेलं होतं. वाद संपायचा नाही, फक्त खोली बदलायची. एरवी तिला त्या निघून जाण्याचं वाईट वाटलं असतं. आज वाटलं नाही. आज तिच्याकडे वाईट वाटून घ्यायला वेळच नव्हता.

रफू पूर्ण झालं त्या दुपारी तिनं कापड उन्हात धरलं. वीण बसली होती. पण काठाचा धागा कोरा होता, आणि लाटांच्या मधोमध वीतभर पांढरा डाग राहिला होता. परांग तुटली होती. सुमियाती उठली, आणि आपल्या पिशवीतून कापडात गुंडाळलेली एक वस्तू काढून तिनं हर्षाच्या हातावर ठेवली. बोटभर बांबूची दांडी, तिच्या टोकाला तांब्याची इवलीशी वाटी, आणि वाटीला डासाच्या सोंडेसारखी नळी. चांतिंग. हिनंच मेणाची रेघ काढतात. "तुम करो," ती म्हणाली. "मेरा हाथ अच्छा नहीं. माँ हमेशा डाँटती थी." हर्षाला वाटलं आपण ऐकलं ते चुकीचं ऐकलं. एवढ्या जुन्या कापडावर? तिनं कधी बाटिक केलं नव्हतं. बाटिक म्हणजे तिला शांतिनिकेतनकडून आलेली, तडे गेलेल्या मेणाची पिशव्यांवरची नक्षी, आणि गोल बाजारात गाऊनवर छापून येणारा तोच तडा, इतकंच माहीत होतं. त्या संध्याकाळी तिनं मेणबत्त्या वितळवून जुन्या ओढणीवर हात चालवून पाहिला. मेणबत्तीचं मेण बसलं, वाळलं, आणि कापड हलताच तडकलं. सुमियाती म्हणाली, हे नुसतं कडक मेण, याच्यात मधमाशीचं मऊ मेण आणि राळ घालायला पाहिजे, तेव्हा ते रेघेला धरून राहतं. राळ पूजेच्या दुकानात मिळाली. मधमाशीचं मेण म्हणून दुकानदारानं जे दिलं त्याला घासलेटचा वास येत होता. हर्षा दुकानाच्या पायरीवरच उभी राहिली, मोबाइल काढला, आणि आपल्या वर्गातल्या मंगलीला फोन लावला. मंगली भामरागडकडची माडिया पोर, सुट्टीत घरी गेलेली. तिचा बाप बुधू दरवर्षी आग्या मोहोळ काढतो हे तिनं एकदा वर्गात सांगितलं होतं. "हाय ना मॅडम, लय हाय मेन," मंगली फोनवर ओरडली, कारण तिच्याकडे रेंज येत जात होती. "पर नेनार कोन?" "मी येतो," हर्षा म्हणाली.

प्रफुल्लनं एवढंच विचारलं, "भामरागड? मेनासाठी?" आणि तिनं एवढंच सांगितलं, "हो." दोघी पहाटेच्या एसटीनं निघाल्या. आलापल्लीच्या पुढे रस्ता सागाच्या जंगलात शिरला आणि बस खड्ड्याखड्ड्यातून डोलायला लागली तेव्हा सुमियाती काचेला नाक लावून बसली. साग बघून ती लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायला लागली. जावात पण सागच! तिच्या गावाच्या पाठीमागे असंच जंगल, अशीच मोठी पानं, पावसाळ्यानंतर अशीच भोकं पडलेली. हर्षाला एकाएकी हसू आलं, कारण ती आयुष्यभर या जंगलाच्या उंबऱ्यावर राहिली होती आणि ते तिला कायम लांबचं, सरकारी, बंदुकांच्या बातम्यांचं वाटत आलं होतं. आणि आता कुठल्या कुठून आलेली बाई त्याला घर म्हणत होती. पुलावर कठड्यांना पुरात अडकलेलं गवत अजून वाळलेलं लटकत होतं. खाली पाणी संथ, रुंद, मातकट. हर्षा वाकून बघत राहिली, जा, जा, असं तिच्या मनात येत राहिलं, सिरोंचा, भद्राचलम, समुद्र.

बुधू घराच्या अंगणात टेंभुर्णीची लाकडं रचत होता. "जोहार," म्हणाला आणि खाटेवर बसायला सांगितलं. मंगलीनं आधी पाणी दिलं, मग मेणाचा गोळा आणला, नारळाएवढा, काळपट पिवळा, त्यात अजून मधमाशांचे पंख अडकलेले. हर्षानं तो नाकाशी धरला आणि तिचं डोकं गरगरलं. मोहाचं फूल, धूर, ओली माती, जनावराच्या कातडीचा वास, सगळं एकदम. बुधूनं मंगलीला माडियात काहीतरी विचारलं. "बाबा म्हनते, कायले पायजे?" मंगली म्हणाली. सुमियातीनं पिशवीतून कापड काढून खाटेवर पसरलं. शेजारपाजारच्या बाया जमा झाल्या. एकीनं लाटेवरून बोट फिरवलं, दुसरीनं रफूच्या पांढऱ्या जागी टेकवलं आणि तोंडानं चुकचुक केलं. बुधू खाटेवर वाकला. "मेलेल्या मानसावर घालाचं हाय ना?" त्यानं आता मराठीत विचारलं. मंगलीनं त्याला आधीच सांगितलं असावं. हर्षानं मान हलवली. "मग चांगलं मेन घ्या," तो म्हणाला, आणि आत जाऊन दुसरा, लहान, लख्ख पिवळा गोळा घेऊन आला. पैसे घेईना. सुमियातीनं गळ्यातलं काहीतरी काढून द्यायला हात नेला तर मंगलीनंच तिचा हात धरला. "नको. तुमच्या मायले सांगा, इथून आलं म्हनून."

आणि मग ती सकाळ. सुमियातीनं बाल्कनीत छोट्या शेगडीवर मेण, राळ आणि थोडं कडक मेण वितळवलं. दारावरची ओली साडी आत ओढली. हर्षाच्या मांडीवर जाड फडकं, त्यावर कापड, डावा तळहात कापडाखाली. सुमियाती म्हणाली, नळीत फुंक मार, नाहीतर मेण थिजतं. फार गरम असलं तर पसरतं, गार असलं तर वर नुसतं बसतं. आणि थांबू नको, थांबलीस की थेंब पडतो. हर्षानं जुन्या ओढणीवर शंभरदा हात चालवला होता, तरी आता चांतिंग मेणात बुडवून उचलताना तिला स्वतःच्या कानशिलातलं रक्त ऐकू येत होतं. फुंकर मारली. नळी कापडाला लागली. मेण वाहिलं. आणि काय झालं ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. रेघ ती काढत नव्हती, रेघ आधीच होती, जुन्या लाटेचं तुटलेलं टोक रफूच्या या काठावर थांबलेलं आणि पुढचं त्या काठावर वाट बघत असलेलं, आणि मधलं अंतर तिचा हात पार करत होता. मेणाचा वास, हाताखाली तळव्याला लागणारी ऊब, बाहेर कुठेतरी मालगाडीचा लांब भोंगा. तिला शाळेतला फळ्यावरचा पहिला अ आठवला नाही, लग्नातली मेंदी आठवली नाही, काहीच आठवलं नाही. आयुष्यात प्रथमच तिला काही आठवत नव्हतं आणि ती जिथे होती तिथेच पूर्ण होती. एक लाट झाली. दुसरी जरा जाड आली. तिसऱ्या लाटेच्या वळणावर नळी अडकली. सुमियातीनं केसातली पिन काढून नळीत घातली, आणि मेण पुन्हा वाहायला लागलं. मग कापड उलटलं. खिडकीच्या उजेडाकडे धरलं की पाठीमागून मेणाची सावली दिसत होती. त्या सावलीवरून तीच रेघ पुन्हा. तोच क्षण पुन्हा जगल्यासारखी. संपलं तेव्हा हर्षाला हात उघडता येईना, बोटं दांडीभोवती आखडली होती, आणि ती मोठमोठ्यानं हसत होती.

राहिला तो रंग. तपकिरी. सुमियाती म्हणाली, आमच्याकडे सोगा, झाडाच्या सालीचा. त्या झाडाचा फोटो तिनं मोबाइलवर दाखवला, पिवळ्या फुलांचे घोस, बाभळीसारखी बारीक पानं, तांबड्या चपट्या शेंगा. हर्षा फोटोकडे बघत म्हणाली, हे कुठेतरी पाहिलंय. रोज पाहिलंय. कुठे? तिला आठवेना, ती अस्वस्थ होऊन खोलीत फिरत राहिली. प्रफुल्ल दारात उभा होता, किती वेळ उभा होता कोण जाणे. त्यानं फोन हातात घेतला, पाहिला, परत दिला आणि स्कूटर काढून निघून गेला. झालं, पुन्हा खोली बदलली, असं हर्षाला वाटलं. पण तो परत आला तेव्हा त्याच्या पायाशी एक पोतं होतं आणि शर्टाला शेंदरी भुकटी लागली होती. "पिवळा गुलमोहोर," तो म्हणाला. "मिलच्या कॉलनीत वादळानं पडलेली फांदी होती. कोनी तोडलं नाई, आधीच पडलेली." जणू कोणी त्याला त्याबद्दल विचारलं होतं. त्यानं साल सोलून आणली होती, वेड्यावाकड्या पट्ट्या, आणि बोटाला कापलं होतं. हर्षानं त्याच्या बोटाकडे बघितलं. "हेच ना ते झाड?" त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज त्याच्या सभेतल्या आवाजासारखा मुळीच नव्हता.

साल रात्रभर भिजली, सकाळी शिजली. तुरटी घालून गार केलेल्या त्या रक्तासारख्या पाण्यात रफूचा तेवढाच भाग बुडवायचा, सावलीत वाळवायचा, पुन्हा बुडवायचा. पहिल्यांदा फिका गुलाबी, मग मातीसारखा, मग अंधार पडत जावा तसा. प्रफुल्ल मधे मधे येऊन बादलीत डोकावत होता. मेण सोडवायची वेळ आली तेव्हा तिघंही स्वयंपाकघरात उभे राहिले. हेच सगळ्यात भयंकर, सुमियाती म्हणाली, जुनं कापड उकळत्या पाण्यात कधी कधी विरतं. तिनं तेवढाच भाग धरून पाण्यात सोडला. मेण वितळून वर आलं, पिवळं, तवंगासारखं, आणि भामरागडचा तो वास स्वयंपाकघरभर पसरला. हर्षाला वाटलं आपण आत्ता ओरडू. कापड वर आलं. विरलं नव्हतं. थंड पाण्यात धुतलं. पसरलं. लाट चालू होती. काठापासून काठापर्यंत, तिरपी, अखंड. पण रफूच्या जागी रंग जरा वेगळा, तांबूसपणाकडे झुकलेला, आणि लाटा जरा रुंद. सुमियाती पुढे झाली. तिनं कापड उजेडात धरलं, उलटलं, सुलटं केलं, मग टेबलावरचा फोन उचलून घरी व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर खूप वेळ फक्त छत दिसत होतं. मग कोणीतरी फोन धरला आणि उशीवर टेकलेली एक म्हातारी दिसली, गालांची खोबणी, पांढरे केस, डोळे मात्र लख्ख. सुमियाती तिच्या भाषेत भराभर बोलायला लागली, कापड कॅमेऱ्यासमोर धरलं. म्हातारीनं फोन आणखी जवळ आणायला सांगितला असावा, कारण पडद्यावर फक्त तिचा डोळा दिसायला लागला. तिनं काहीतरी विचारलं. सुमियाती हर्षाकडे वळली. "पूछ रही है, यह किसका हाथ है. बोल रही है, मेरी माँ का नहीं, तेरा भी नहीं." हर्षानं रफूच्या जागेवर बोट ठेवलं. चूक पकडली गेली असं तिला वाटलं, आणि त्याच क्षणी, चूक नाही, ओळख पटली, असंही वाटलं, आणि या दोन्हींपैकी कुठलं खरं ते कळेना. तेव्हा मागून प्रफुल्ल म्हणाला, "सांग ना. हर्षाचा हाय म्हनून सांग." आणि तो स्वतःच पुढे येऊन फोनकडे वाकून मोठ्यानं म्हणाला, जणू समुद्र ओलांडून ओरडायचंय, "हर्षा! हर्षा का हाथ!" म्हातारीनं ते नाव दोनदा पुटपुटलं. मग ती हसायला लागली, खोकत खोकत, आणि सुमियाती पण. "वो बोल रही है, यह तो हमारा पुराना शब्द है. हर्स. आनंद." मग म्हातारी आणखी काहीतरी म्हणाली, थोडं लांबच, आणि सुमियातीनं थांबून तेही सांगितलं. म्हणाली, पुढच्या वेळी लाट काढताना हात एवढा दाबू नकोस. आणि तुझं स्वतःचं काय काढणार आहेस?

स्वतःचं. हर्षानं फोनकडे पाहिलं, प्रफुल्लकडे पाहिलं. तिला वाटलं होतं ती म्हणेल माहीत नाही, पण तोंडून आलं वेगळंच. "रोवणा," ती म्हणाली. "धानाचा रोवणा. बांधीत रोपं लावत वाकलेल्या बायांच्या पाठी, एकामागं एक, तिरप्या रांगेत, मागं मागं सरकत." सुमियातीनं ते आईला कसं सांगितलं कोण जाणे, पण पडद्यावरची मान हलली. फोन बंद झाला तेव्हा हर्षाचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, तपकिरी, नखांत रंग.

"मग कोरं कापड लागन," प्रफुल्ल म्हणाला. "मांजरपाट चालते का?"

"नाई. मऊ पाह्यजे. जुन्या धोतरासारखं."

"गोल बाजार उघडा असन आता." तो आधीच स्कूटरची किल्ली शोधत होता. ती तशीच, पदर खोचलेला, तपकिरी हातांनी, चपला न घालताच अर्ध्या पायऱ्या उतरली, मग परत वर येऊन चपला घातल्या, आणि मागच्या सीटवर बसताना तिनं त्याच्या पांढऱ्या शर्टाला धरलं.

"शर्टाले लागन," ती म्हणाली.

"लागू दे," तो म्हणाला, आणि स्कूटर चालू केली.